छोट्या व्यवसायाचे संकेतस्थळ : भरवशाची होस्टिंग सेवा कशी निवडावी?

जळगावातील मेहरूण म्हटले की तलाव आणि बोरे आठवतात. बोरांची टोपली घेऊन बसलेल्या विक्रेत्याला पत्ता छापावा लागत नसे; गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत आपसूक पोहोचत असे. आज त्याच परिसरातील आणि जवळच्या औद्योगिक वसाहतीतील व्यावसायिकांचे गिऱ्हाईक मात्र गावात राहिलेले नाही. प्लॅस्टिकच्या चटया, पीव्हीसी पाइप, डाळी, केळीचे वेफर्स, सोन्याचे दागिने अशा जळगावच्या मालाची चौकशी परराज्यांतून आणि परदेशांतूनही होते. चौकशी करणारा आधी संगणकावर किंवा मोबाइलवर व्यवसायाचे संकेतस्थळ उघडतो. ते उघडले नाही, तर तो फोन करून कारण विचारीत नाही. शेजारच्या दुकानाकडे वळतो.

संकेतस्थळ तयार करताना मालक रंग, छायाचित्रे आणि बोधचिन्ह यांवर बराच वेळ घालवितात. ते संकेतस्थळ कोणत्या सर्व्हरवर राहणार आणि त्याचे नाव कोणाच्या ताब्यात असणार, हा प्रश्न मात्र ‘ते डेव्हलपर पाहतो’ एवढ्यावर सोडला जातो. होस्टिंगची निवड चुकल्याचे पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. ते लक्षात येते एक-दोन वर्षांनी, नूतनीकरणाच्या वेळी किंवा संकेतस्थळ अचानक बंद पडल्यावर. म्हणूनच ही निवड करताना काय पाहावे, याची माहिती प्रत्येक लहान उद्योजकाला असणे आवश्यक आहे.

नाव वेगळे, जागा वेगळी

डोमेन आणि होस्टिंग या दोन स्वतंत्र सेवा आहेत. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव. होस्टिंग म्हणजे संकेतस्थळाच्या फाइली, छायाचित्रे आणि माहितीसाठा ज्या सर्व्हरवर ठेवला जातो ती भाड्याची जागा. दुकानाची पाटी आणि दुकानाचा गाळा यांच्यात जो फरक, तोच या दोहोंत. गाळा बदलला तरी पाटी आपलीच राहते. पण पाटी दुसऱ्याच्या नावावर असेल तर गाळा असून उपयोग होत नाही.

डॉट कॉमसारख्या जागतिक डोमेनांच्या व्यवस्थेवर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयकॅन’ या संस्थेची देखरेख असते. डॉट इन या भारतीय डोमेनाचा कारभार ‘निक्सी’, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था पाहते. २००५ पासून डॉट इनची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. २०१४ मध्ये देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे डोमेन उपलब्ध झाले. नोंदणी एकावेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी करता येते. नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने घेतलेले असते आणि मुदतीपूर्वी नूतनीकरण करावे लागते.

येथे सर्वांत महत्त्वाची दक्षता म्हणजे डोमेनाची नोंदणी व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावावर असणे. ओळखीच्या डेव्हलपरने सोयीसाठी स्वतःच्या खात्यावर आणि स्वतःच्या ई-मेलवर नोंदणी केली, तर कागदोपत्री त्या नावाचा धारक तोच ठरतो. पुढे त्याने नोकरीसाठी पुण्याला बस्तान हलविले, फोन बदलला किंवा पैशांवरून वाद झाला, तर मालकाला स्वतःचेच नाव परत मिळविण्यासाठी धावाधाव करावी लागते. नोंदणी करताना मालकाचा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक द्यावा, खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवावा आणि पावती व्यवसायाच्या नावाने घ्यावी. नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे ‘हूइज’ या सार्वजनिक सेवेत कोणालाही पाहता येते.

नेट फोर इंडियाचा धडा

सेवा देणारी कंपनीच अडचणीत आली तर काय होते, याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे ‘नेट फोर इंडिया’. डोमेन नोंदणी आणि होस्टिंग या क्षेत्रातील ही जुनी भारतीय कंपनी. २०१९ मध्ये तिच्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. २०२० मध्ये ग्राहकांना डोमेनाचे नूतनीकरण करता येईना, नाव दुसऱ्या कंपनीकडे हलविता येईना आणि मदत कक्षाकडून उत्तर मिळेना. आयकॅनकडे हजारो तक्रारी दाखल झाल्या. डिसेंबर २०२० मध्ये आयकॅनने कंपनीला करारभंगाची नोटीस बजावली आणि २०२१ मध्ये तिच्याकडील जागतिक डोमेने ‘पब्लिक डोमेन रजिस्ट्री’ या दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे सोपविण्यात आली.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, मान्यताप्राप्त नोंदणी कंपनीकडील नावाला उशिरा का होईना, आयकॅनच्या नियमांचे संरक्षण मिळते. दुसरी, हे संरक्षण नावापुरतेच असते. संकेतस्थळाच्या फाइली आणि ई-मेल यांची जबाबदारी आयकॅनच्या कक्षेत येत नाही. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती, त्यांना नवा सर्व्हर घेऊन पुन्हा उभे राहणे शक्य होते. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांच्या हाती केवळ नाव राहण्याचा धोका होता. म्हणून डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे ठेवावे, असा सल्ला दिला जातो. दोन बिले सांभाळण्याचा त्रास होतो, पण एक दार बंद झाले तर दुसरे उघडे राहते.

कंपनीचे नाव तेच राहूनही मालक बदलू शकतो. मुंबईत १९९८ मध्ये भाविन आणि दिव्यांक तुरखिया या बंधूंनी ‘डायरेक्टी’ ही कंपनी सुरू केली. तिचे ‘बिगरॉक’ आणि ‘रिसेलरक्लब’ हे व्यवसाय २०१४ मध्ये अमेरिकेतील ‘एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुप’ने घेतले, २०२१ पासून ते ‘न्यूफोल्ड डिजिटल’ या नावाखाली आले. अशा व्यवहारांत गैर काही नाही. मात्र मालकी बदलल्यावर दर, अटी आणि मदत कक्षाची पद्धत बदलू शकते. चार वर्षांपूर्वी मित्राला आलेला चांगला अनुभव आजही लागू पडेल असे गृहीत धरू नये. अलीकडच्या ग्राहकांकडे विचारणा करावी.

होस्टिंगचे प्रकार

लहान व्यवसायासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात. ‘शेअर्ड होस्टिंग’मध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे राहतात. ही चाळीतील खोली आहे; भाडे कमी, पण नळ सामाईक. शेजारच्या संकेतस्थळावर अचानक गर्दी झाली किंवा ते हॅक झाले, तर त्याची झळ इतरांना बसू शकते. ‘व्हीपीएस’ म्हणजे आभासी खासगी सर्व्हर. यात मेमरी आणि प्रक्रियाशक्तीचा ठराविक हिस्सा ग्राहकासाठी राखलेला असतो, परंतु सर्व्हरची देखभाल जाणणारा माणूस लागतो किंवा ‘मॅनेज्ड’ सेवेसाठी जादा पैसे मोजावे लागतात. ‘क्लाउड’ सेवेत गरजेप्रमाणे क्षमता वाढविता येते. बिल वापरानुसार येते आणि त्यावर लक्ष ठेवले नाही तर फुगते.

आपली गरज मोजणे अवघड नाही. एखाद्या चटई उत्पादकाला ५० नमुने दाखवायचे आहेत आणि प्रत्येकाची चार छायाचित्रे आहेत असे धरू. एक छायाचित्र ३०० केबीचे असेल, तर २०० छायाचित्रांना लागणारी जागा केवळ ६० एमबी होते. दररोज १०० जण आले, प्रत्येकाने पाच पाने पाहिली आणि एक पान दोन एमबीचे असेल, तर रोजची देवाणघेवाण एक जीबी, म्हणजे महिन्याला ३० जीबी होते. माहितीपर संकेतस्थळाला चांगले शेअर्ड होस्टिंग पुरते. ऑनलाइन खरेदी, पैसे भरण्याची सोय किंवा सणासुदीला होणारी गर्दी असेल, तर व्हीपीएस किंवा मॅनेज्ड सेवेचा विचार करावा.

‘अमर्यादित’ या शब्दाला भुलू नये. अमर्यादित जागेच्या जाहिरातीमागे अटींमध्ये फाइलींच्या संख्येवर, प्रक्रियाशक्तीवर किंवा तासाला पाठविता येणाऱ्या ई-मेलवर मर्यादा असते. बऱ्याच सर्व्हरवर साठविलेला प्रत्येक ई-मेल ही एक फाइल मोजली जाते. तीन-चार वर्षांची पत्रे तशीच पडून राहिली, की जागा शिल्लक असूनही खाते अडते.

९९.९ टक्क्यांचा अर्थ

सर्व्हर किती काळ चालू राहील, याच्या हमीला ‘अपटाइम’ म्हणतात. आकडे कानाला सारखेच वाटतात. हिशेब केला की फरक कळतो. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर ९९ टक्के हमीत संकेतस्थळ ८७ तास ३६ मिनिटे, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिले तरी करार मोडत नाही. ९९.५ टक्क्यांत ही मुभा सुमारे ४४ तासांची, ९९.९ टक्क्यांत सुमारे पावणेनऊ तासांची आणि ९९.९९ टक्क्यांत सुमारे ५३ मिनिटांची असते.

हमी मोडल्यास काय मिळते, हेही वाचावे. बहुधा भरपाई म्हणून त्या महिन्याच्या भाड्याचा काही भाग पुढील बिलात वळता केला जातो. महिन्याला ३०० रुपये भाडे आणि दहा टक्के भरपाई असेल, तर हाती ३० रुपये येतात. हुकलेल्या ऑर्डरीची भरपाई कोणी देत नाही. नियोजित देखभालीचा वेळ हमीतून वगळलेला असतो, हेही ध्यानात घ्यावे. कंपनीच्या दाव्यावर विसंबण्याऐवजी बाहेरून दर पाच मिनिटांनी संकेतस्थळ तपासून सूचना देणाऱ्या सेवा वापराव्यात. त्यांपैकी काहींची प्राथमिक सेवा विनामूल्य असते.

सर्व्हर कोठे आहे?

प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. जळगाव ते मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. जाऊन-येऊन चार मिलिसेकंद पुरतात. सर्व्हर १३,००० किलोमीटरवर अमेरिकेत असेल, तर एका फेरीला किमान १३० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात. त्यामुळे ग्राहक प्रामुख्याने भारतातील असतील, तर मुंबई, नवी मुंबई किंवा देशातील अन्य डेटा सेंटरमधील सर्व्हर मागावा. मोठ्या क्लाउड कंपन्यांनीही येथे केंद्रे उभारली आहेत. ‘ॲमेझॉन’चे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. केळी किंवा डाळीची निर्यात करणाऱ्याचे ग्राहक आखातात किंवा युरोपात असतील, तर निरनिराळ्या देशांत प्रती ठेवणारी ‘सीडीएन’ सेवा उपयोगी पडते. भारतीय कंपनीकडून सेवा घेतली म्हणजे सर्व्हर भारतातच असतो असे नाही. तसे स्पष्ट विचारून लेखी घ्यावे.

बॅकअप : कंपनीचा आणि स्वतःचा

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच क्लाउड’ या युरोपातील मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, दुसरीचे अंशतः नुकसान झाले आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांनी बॅकअपचे स्वतंत्र पैसे भरले होते. परंतु त्यांच्या प्रतीही त्याच ठिकाणी असल्याने नष्ट झाल्या. २०२३ मध्ये फ्रान्समधील न्यायालयाने अशा एका ग्राहकाला एक लाख युरोंहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. निकाल लागला, पण गेलेली माहिती परत आली नाही.

म्हणून सेवा घेताना चार प्रश्न विचारावेत. बॅकअप रोज घेतला जातो की आठवड्याने? किती दिवसांच्या प्रती ठेवल्या जातात? त्या दुसऱ्या शहरात ठेवल्या जातात का? परत हव्या असतील तर शुल्क किती? उत्तरे समाधानकारक असली, तरी महिन्यातून एकदा फाइली आणि माहितीसाठा दोन्हींची प्रत स्वतःच्या संगणकावर किंवा बाहेरील हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. ऑर्डरी घेणाऱ्या संकेतस्थळाची प्रत रोज घ्यावी. ती प्रत प्रत्यक्ष उघडते का, हे वर्षातून एकदा तपासावे. कधीही न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून राहणे धोक्याचे असते.

सुरक्षा आणि कायदा

संकेतस्थळ आणि ग्राहक यांच्यातील माहिती सांकेतिक स्वरूपात जावी, यासाठी ‘एसएसएल’ प्रमाणपत्र लागते. जुलै २०१८ पासून ‘क्रोम’ हा ब्राउझर असे प्रमाणपत्र नसलेल्या संकेतस्थळांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा तत्त्वावरील सेवा असे प्रमाणपत्र विनामूल्य देते. त्यामुळे साध्या प्रमाणपत्रासाठी दरवर्षी हजारो रुपये मागितले जात असतील, तर कारण विचारावे.

सर्व्हरवरील प्रणाली अद्ययावत आहे का, हेही पाहावे. उदाहरणार्थ, अनेक संकेतस्थळांमागील ‘पीएचपी’ या भाषेच्या ७.४ आवृत्तीची सुरक्षा दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली. त्याहून जुन्या आवृत्त्यांवर चालणारा सर्व्हर धोक्याचा आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारख्या घटनेची माहिती सहा तासांत कळविणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक करण्यात आले. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. ग्राहकांचे फोन क्रमांक आणि पत्ते गोळा करणाऱ्या लहान दुकानदारालाही ही माहिती कोठे साठते, याची कल्पना असली पाहिजे.

फुकटाची किंमत

विनामूल्य जागेचा मोह पडतो. परंतु फुकट सेवा कधी बंद करायची, हे देणारा ठरवितो. एकेकाळी अत्यंत लोकप्रिय असलेली ‘जिओसिटीज’ २००९ मध्ये बंद झाली. लहान व्यवसायांसाठी ‘गुगल’ने आपल्या व्यवसाय नोंदीसोबत दिलेली विनामूल्य संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. पत्रिकांवर आणि गोणपाटांवर तो पत्ता छापलेल्या व्यावसायिकांना नवा पत्ता शोधावा लागला. स्वतःचे डोमेन असेल, तर मागची जागा बदलली तरी छापलेला पत्ता तोच राहतो.

सशुल्क सेवेतही पहिल्या वर्षाचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत मोठी तफावत असू शकते. महिन्याला ९९ रुपये ही जाहिरात पुष्कळदा तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरल्यासच लागू होते. एकूण खर्च काढताना नूतनीकरणाचा दर, १८ टक्के जीएसटी, बॅकअप आणि ई-मेलचे शुल्क धरून तीन वर्षांची बेरीज करावी. नव्या कंपनीकडे सुरुवातीला एका वर्षाचेच पैसे भरावेत. नोंदणीकृत व्यावसायिकाने आपला जीएसटी क्रमांक देऊन पावती घ्यावी.

मराठी मजकूर आणि ई-मेल

मराठी संकेतस्थळासाठी एक खास तपासणी आवश्यक आहे. पूर्वी प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा असे आणि तो उतरवून घेतल्याशिवाय मजकूर वाचता येत नसे. युनिकोडमुळे ती अडचण सरली. तरीही माहितीसाठ्याची मांडणी युनिकोडसाठी केलेली नसेल, तर सर्व्हर बदलताना देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. माहितीसाठा ‘यूटीएफ-८’ मांडणीत आहे ना, हे स्थलांतरापूर्वीच पाहावे.

व्यवसायाच्या नावाचा ई-मेल होस्टिंगसोबत मिळत असला, तरी एकाच सर्व्हरवरील दुसऱ्या कोणी नको असलेली पत्रे पाठविली, तर सर्वांचीच पत्रे ‘स्पॅम’मध्ये जाऊ शकतात. फेब्रुवारी २०२४ पासून ‘जीमेल’ने पत्र पाठविणाऱ्या डोमेनासाठी ‘एसपीएफ’ किंवा ‘डीकेआयएम’ ही ओळख आवश्यक केली. ती व्यवस्था लावून मिळेल का, ते आधी विचारावे. दरपत्रक ग्राहकापर्यंत पोहोचलेच नाही, असे अनेकदा यामुळेच घडते.

मदत कक्ष आणि बाहेर पडण्याची वाट

पैसे भरण्यापूर्वी मदत कक्षाची परीक्षा घ्यावी. रविवारी रात्री एक तांत्रिक प्रश्न पाठवावा आणि उत्तर किती वेळाने, कोणत्या दर्जाचे येते ते पाहावे. विक्री विभाग तत्काळ बोलतो. खरी ओळख तक्रार निवारणात पटते.

सेवा घेतानाच ती सोडण्याची पद्धत समजून घ्यावी. डोमेन हलविण्यासाठी लागणारे सांकेतिक शब्द मागणीनंतर किती दिवसांत मिळतात, पैसे परत मिळण्याची मुदत किती आणि त्यातून डोमेनाचे शुल्क वगळले जाते का, हे वाचावे. नवी नोंदणी केल्यावर जागतिक डोमेन पहिले ६० दिवस सहसा हलविता येत नाही. म्हणून मुदत संपण्याच्या आठवड्यात स्थलांतर सुरू करू नये. दोन महिने हाती ठेवावेत. जुने होस्टिंग लगेच बंद न करता, नव्या सर्व्हरवर सर्व पाने, फॉर्म आणि ई-मेल तपासून मगच सोडावे.

थोडक्यात, निवड करण्यापूर्वी पुढील बाबी कागदावर लिहून घ्याव्यात :

• डोमेन मालकाच्या नावावर, त्याच्याच ई-मेलवर आहे का?
• सर्व्हर कोणत्या शहरात आहे?
• अपटाइमची हमी किती आणि ती मोडल्यास काय मिळते?
• बॅकअप किती वेळा आणि कोठे?
• तीन वर्षांचा एकूण खर्च किती?
• मदत कक्ष रात्री आणि सुटीच्या दिवशी उत्तर देतो का?
• सोडून जाताना सर्व फाइली आणि नाव हाती मिळेल का?

या सात प्रश्नांची उत्तरे देण्यास टाळाटाळ करणाऱ्या कंपनीची सेवा कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नये. गाळा भाड्याने घेताना करारपत्र वाचणारा, शेजार पाहणारा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणारा व्यापारी संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र किल्ली दुसऱ्याकडे देऊन मोकळा होतो. ती किल्ली परत मागून घेण्याचे काम आजच करता येईल. डोमेनाच्या खात्यात स्वतः प्रवेश करावा, मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी आणि संकेतस्थळाची एक प्रत घरच्या कपाटात ठेवावी.